थिसिस शोधगंगेवर चढायच्या आधी: कुणाचं गाणं, कुणाचा फोटो, कुणाची परवानगी

पीएचडीचं रजिस्ट्रेशन नुकतंच झालंय, विषय लोककला, नाटक, चित्रकला नाहीतर हातमाग असा काहीतरी आहे आणि आता मोबाइल-रेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरायचंय, अशांसाठी हे लिहितोय. ज्यांच्या दारात अशी पोरं-पोरी मोबाइल घेऊन येतात त्या कलाकारांनीही वाचा, शेवटचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

आधी काय बदललंय ते बघा. पूर्वी थिसिस म्हणजे रेक्झिनच्या बायंडिंगमधल्या चार-पाच प्रती, एक लायब्ररीत, एक गाइडच्या कपाटात, आणि आत कुणाचाही फोटो न विचारता छापला तरी बघायला जातंय कोण. आता तसं राहिलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१६ च्या नियमांत होतं आणि २०२२ च्या नियमांतही आहे की मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, डिग्री जाहीर करायच्या आधी, विद्यापीठानं थिसिसची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटला द्यायची. हे इन्फ्लिबनेट म्हणजे विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणारं केंद्र, गांधीनगरला आहे, आणि शोधगंगा ही थिसिसची ऑनलाइन लायब्ररी त्यांचीच. म्हणजे संभाजीनगरचं बामू (डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) असो की नांदेडचं स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ), तुमचा थिसिस चॅप्टरवार पीडीएफ होऊन तिथं जाणार आणि मग तो वाचायला कुणाला ओळखपत्र लागत नाही की लॉगिन लागत नाही. नांदेडकडच्या मालेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तुम्ही घाईघाईत काढलेला वाघ्या-मुरळीचा फोटो आता जगात कुणीही डाउनलोड करणार.

म्हणून "परवानगीचं बघू नंतर, आधी मटेरियल गोळा करू" हे चालत नाही. चार-पाच वर्षांनी थिसिस सबमिट करताना त्या माणसाचा नंबर बदललेला असतो, फड फुटलेला असतो, कधी माणूसच गेलेला असतो आणि मग वारस शोधत फिरायचं. परवानगी ज्या दिवशी रेकॉर्डिंग त्याच दिवशी, हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

पहिलं काम: एक वही

अ‍ॅप-बिप नको, साधी वही किंवा एक्सेल शीट घ्या. दर फोटो, चित्र, गाणं, मुलाखत, जुनं पोस्टर, पत्रिका यांची नोंद करायची: काय आहे, कुणी केलं, कुणी फोटो काढला किंवा रेकॉर्ड केलं, कधी, कुठं, परवानगी मिळाली का, कागद कोणत्या फाइलीत. कंटाळवाणं आहे, मान्य. पण सबमिशनच्या महिन्यात हीच वही वाचवते, कारण तेव्हा दीडशे फोटोंपैकी कोणता आपण काढला आणि कोणता कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला हे भल्याभल्यांना आठवत नाही.

दुसरं: हक्क कुणाचा ते ओळखायचं

इथं जरा वेळ घालवा, कारण गोंधळ सगळा इथंच होतो. आपला कायदा १९५७ चा कॉपीराइट अ‍ॅक्ट, त्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. लिहिणाऱ्याचा, चित्रकाराचा, संगीतकाराचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि तो गेल्यानंतर ६० वर्षं. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे बघा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०१७ च्या १ जानेवारीपासून मोकळं. अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख दोघंही १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबायचं. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक २००४ ला गेले, त्यांची गाणी २०६४ च्या अखेरपर्यंत हक्कातली. जलशावर किंवा भीमगीतांवर काम करणारे लै जण "ही तर समाजाची गाणी आहेत" म्हणून अख्खीच्या अख्खी गाणी परिशिष्टात टाकतात. गाणी समाजाची आहेत हे खरंच आहे, पण कायद्यानं शब्दांचा हक्क कवीचा आणि त्याच्या मागं वारसांचा. विश्लेषणापुरत्या ओळी घ्या, पूर्ण गाणं छापायचं तर विचारा.

आता गाण्याचं. एका गाण्यात तीन-चार जणांचे हक्क एकावर एक बसलेले असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, या दोघांना वर सांगितलेली ६० वर्षं. गाणारा आणि वाजवणारा यांचा वेगळा हक्क असतो, त्याला परफॉर्मरचा हक्क म्हणतात, तो कार्यक्रमानंतर ५० वर्षं. आणि रेकॉर्डिंग काढणाऱ्या कंपनीचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. एकनाथांच्या भारुडाचे शब्द घेतले तर त्यावर कुणाचाच हक्क नाही, पैठणला जाऊन नाथांच्या वाड्यात विचारायची गरज नाही. पण तेच भारूड कुण्या भारूडकारानं गायलेलं कॅसेट कंपनीनं काढलं असेल तर ते रेकॉर्डिंग मोकळं नाही, आणि एखाद्या अभ्यासकानं संपादित केलेल्या भारुडाच्या पुस्तकातली प्रस्तावना आणि टीपा त्या अभ्यासकाच्या.

परफॉर्मर म्हणजे फक्त मोठे स्टेजवाले असं समजू नका. कायद्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, शिवाय कसरत करणारा, जादूगार, व्याख्यान देणारा आणि चक्क गारुडीसुद्धा नाव घेऊन लिहिलाय, पुढं "किंवा परफॉर्मन्स करणारी इतर कोणतीही व्यक्ती" असंही आहे. म्हणजे संबळ वाजवणारा गोंधळी, तुळजापूरच्या वाटेवरच्या आराधी बाया, वासुदेव, पोतराज, डोंबारी, सगळे यात बसतात. शब्द परंपरेचे असले, कुणाचाच कॉपीराइट नसला तरी त्या दिवशी त्या माणसानं केलेलं सादरीकरण त्याचं. "लोककला आहे, सगळ्यांची आहे" हे वाक्य संशोधकांच्या तोंडी फार सोपं असतं, आणि नेमकं त्याच वाक्यानं गाणाऱ्याचं नाव गाळलं जातं, फोटोखाली "एक लोककलावंत" लिहून मोकळे. त्याला नाव नाही का? जात्यावरच्या ओव्यांचं संकलन पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आहे, त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांच्या ओव्याही आहेत, तिथं गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं सापडतं. ते बघून घ्या आणि तसंच करा.

फोटोचं सोपं आहे. ज्यानं काढला त्याचा. पण पैसे देऊन मुद्दाम काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे देणाऱ्याचा. म्हणून तालुक्याच्या फोटो स्टुडिओवाल्याला कार्यक्रमाला नेलं तर पावती घ्या आणि "पीएचडीसाठी फोटो काढून दिले" एवढं त्यावर लिहून घ्या. त्याच्याकडं आधीपासून पडलेला जुना फोटो मात्र त्याचाच. फोटोत दिसणाऱ्या माणसाचा कॉपीराइट नसतो, तरी त्याला विचारायचंच. देवाला सोडलेल्या बाया, पोतराज, लहान लेकरं, यांचे फोटो नेटवर कायमचे राहणार आणि उद्या त्यांच्या पोरांच्या सोयरिकीत कुणीतरी ते दाखवणार, हा विचार कायद्यात नसला तरी आपल्या डोक्यात पाहिजे.

तिसरं: परवानगीचा कागद

इंग्रजी कन्सेंट फॉर्म नेटवरून उतरवून खेड्यात नेऊ नका, कुणाला कळत नाही आणि माणूस उगाच बिचकतो, कोर्टकचेरीचं काही आहे का म्हणून. आपल्या भाषेत अर्ध्या पानाचा कागद बास झाला. असा:

"मी ......, राहणार ......, तालुका ......, जिल्हा ......, आज दिनांक ...... रोजी ...... यांना माझ्या गोंधळाचं रेकॉर्डिंग आणि फोटो करू दिले. त्यांच्या पीएचडीच्या थिसिसमध्ये माझं नाव, गाव, फोटो आणि मी गायलेल्या पदांचे शब्द छापायला, आणि तो थिसिस इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवायला माझी हरकत नाही. रेकॉर्डिंग यूट्यूबवर किंवा दुसरीकडं टाकायचं असेल, किंवा यातून पुस्तक, कॅसेट, सिनेमा असं काही विकायचं असेल तर मला पुन्हा विचारावं. पुढील पदं किंवा विधी छापू नयेत: ......"

खाली सही, एक साक्षीदार, आणि एक प्रत त्यांच्या हातात. सही येत नसेल तर कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, ते वाचणं आणि "हो, चालतंय" हे म्हणणं रेकॉर्ड करायचं, आणि अंगठाही घ्यायचा, कारण कायद्याला लायसन्स लेखी लागतं, नुसत्या आवाजावर थांबू नका. "इंटरनेटवर" हा शब्द कागदात पाहिजेच पाहिजे. नुसतं "पुस्तकात छापणार" म्हणलं तर मामा किंवा मावशीच्या डोळ्यासमोर पुस्तकच येतं, त्यामुळं मोबाइलवर शोधगंगा उघडून एखादा थिसिस प्रत्यक्ष दाखवा, असं दिसणार म्हणून सांगा. शेवटची ओळ रिकामी ठेवू नका, तोंडी विचारून भरा. काही पदं फक्त देवीसमोर म्हणायची असतात, काही दुसऱ्या घराण्याची असतात, ते सांगतात, फक्त आपण विचारलं पाहिजे.

फडाचं असेल तर मालकाची सही घेतली म्हणजे सगळ्यांची झाली असं धरू नका. ढोलकीवाला, तुणतुणंवाला, नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, प्रत्येकाचा हक्क वेगळा. एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या तरी चालतंय.

मानधनाचा प्रश्न येतो. कायदा पैसे द्याच म्हणत नाही, पण दिवसाची सुपारी बुडवून कुणी तुमच्यासमोर बसलं असेल तर काहीतरी द्या आणि किती दिलं तेही वहीत लिहा.

"संशोधनासाठी सगळं चालतं" हे अर्धंच खरं

हे वाक्य तुम्हाला सीनियर सांगणार, कधी गाइडही सांगणार. कलम ५२ मध्ये खासगी वापर, त्यात संशोधन आलं, आणि टीका-समीक्षा यांसाठी फेअर डीलिंगची, म्हणजे बेताच्या, वाजवी वापराची सवलत आहे. परफॉर्मरच्या बाबतीत कलम ३९ आहे, तिथंही अस्सल शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी रेकॉर्डिंग केलं आणि त्यातले उतारे वापरले तर हक्कभंग होत नाही. म्हणून अभ्यासासाठी रेकॉर्ड करणं, चार ओळी देऊन त्यावर चर्चा करणं, चित्र छोटं छापून त्याच्या रेषेबद्दल दोन पानं लिहिणं, हे सगळं बसतं. पण अख्खं रेकॉर्डिंग, पूर्ण नाटकाची संहिता, चित्रकाराची पन्नास चित्रं हाय रिझोल्यूशनमध्ये पीडीएफला जोडून जगाला वाटली तर "मी संशोधक आहे" एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही. किती टक्के चालतात असा आकडा कायद्यात कुठंच नाही, कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

आकड्यावरून आठवलं, तो १० टक्क्यांचा नियम वेगळा. तो यूजीसीच्या २०१८ च्या प्लेजियरिझमच्या नियमांतला, साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. त्याचा कॉपीराइटशी काही संबंध नाही. चोख संदर्भ देऊन तुम्ही एखाद्याची पूर्ण कविता छापली तर ती वाङ्मयचौर्य नाही पण हक्कभंग असू शकतो, आणि एकनाथांचा अभंग स्वतःच्या नावानं खपवला तर हक्कभंग नाही पण चोरीच. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट क्लीन आला म्हणून पार्टी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लेणी, पुतळे आणि गुगलवरची चित्रं

अजिंठ्याच्या चित्रांवर कुणाचा कॉपीराइट नाही, पण त्या चित्राचा जो फोटो तुम्ही कुठल्या कॉफीटेबल बुकातून स्कॅन केला तो फोटोग्राफरचा आहे. स्वतः जाऊन काढा, फ्लॅश न वापरता, ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. चौकातला कायमचा पुतळा, इमारत, यांचा फोटो काढून छापायला कायद्यानं मोकळीक आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांचं नाव त्या मोकळिकीत स्पष्ट घेतलेलं नाही, त्यामुळं म्युरल काढणाऱ्या पोराला एक मेसेज टाकून विचारून घ्या. गुगलवरून उचललेल्या चित्राखाली "स्रोत: गुगल" लिहिणं बंद करा, गुगल काय चित्रं काढतंय का?

जिवंत चित्रकाराचं चित्र छापताना कापू नका, रंग बदलू नका, वर अक्षरं टाकू नका. कलम ५७ नं कलाकाराला नावाचा आणि कलाकृतीची मोडतोड थांबवायचा हक्क दिलाय, आणि कॉपीराइट विकला तरी तो त्याच्याकडंच राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल सरकारनं काढून टाकलं होतं, मालकी सरकारचीच होती, तरी दिल्ली हायकोर्टानं २००५ ला अवशेष परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

पैठणीवाल्यांसाठी वेगळं

पैठणी, हिमरू यावर काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण इथं तुमच्या थिसिसमुळं विणकराचं खरंच नुकसान होऊ शकतं. मोर, पोपट, कमळ, अस्सावली ही जुनी नक्षी सगळ्यांची, ती छापा. पण एखाद्यानं स्वतःच्या डोक्यानं नवा पदर काढला असेल तर डिझाइन अ‍ॅक्ट २००० खाली तो त्याची नोंदणी करू शकतो, आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. मोठी अट ही की नोंदणीच्या अर्जाआधी ते डिझाइन कुठंही प्रसिद्ध झालेलं नसावं. तुम्ही कौतुकानं त्याचा फोटो आणि कागदावरचा ग्राफ चॅप्टर चारमध्ये टाकला, थिसिस नेटवर गेला, की त्याचं नावीन्य गेलं, नोंदणीचा दरवाजा बंद. आणि पॉवरलूमवाल्याला आयता ग्राफ मिळाला तो वेगळाच. त्यामुळं विचारा, "दादा, हे तुमचं नवं आहे का, नोंदवायचंय का?" हो म्हणाला तर आधी त्याचा अर्ज, मग तुमचा फोटो, नाहीतर ग्राफ सोडून लांबून काढलेला फोटो त्याला दाखवून, त्यानं हो म्हणलं तरच. पैठणीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे ना मग काय भीती, असं काहीजण म्हणतात, पण जीआय नावाला आणि मूळ स्थानाला राखतं, एका माणसाच्या नव्या नक्षीला नाही.

सबमिशनच्या वेळी

थिसिस तुम्ही लिहिला तर लेखक तुम्ही आणि पहिला हक्कही तुमचा, गाइडचा नाही. विद्यापीठाचा काही वेगळा नियम किंवा हमीपत्र असेल तर सही करायच्या आधी वाचा, लायब्ररीत शोधगंगेचं काम बघणारे कोण आहेत त्यांना जाऊन भेटा, त्यांना रोजची सवय असते, ऑफिसपेक्षा तिथं जास्त कळतं.

शोधगंगेवरच्या थिसिसच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स दिसतं, अ‍ॅट्रिब्युशन-नॉनकमर्शियल-शेअरअलाइक ४.० हे. अर्थ असा की नाव देऊन, धंदा न करता, कुणीही तुमचा मजकूर घेऊन बदलून पुढं देऊ शकतो. जे तुमचं नाही त्याचं लायसन्स तुम्ही देऊ शकत नाही, म्हणून थिसिसच्या सुरुवातीला स्वच्छ लिहा: "ज्या छायाचित्रांखाली, चित्रांखाली व पदांखाली हक्कधारकाचे नाव दिले आहे ती त्यांच्या परवानगीने फक्त या प्रबंधापुरती छापली असून त्यांना हे लायसन्स लागू नाही." आणि दर चित्राखाली नाव, साल, "परवानगीने". स्वतः चित्रकार असाल आणि स्वतःचीच चित्रं थिसिसमध्ये असतील तर हीच ओळ स्वतःसाठीही लिहा आणि पीडीएफमध्ये लो रिझोल्यूशन टाका, छापून विकता येईल इतकं मोठं नको.

ज्याची परवानगी मिळालीच नाही ते चित्र डिजिटल प्रतीतून काढून तिथं "हक्कांच्या कारणास्तव चित्र वगळले" अशी ओळ ठेवता येईल का ते लायब्ररीला आणि गाइडला आधीच विचारा. पुस्तक निघणार असेल किंवा डिझाइनचा अर्ज चालू असेल तर थिसिस काही काळ थांबवून ठेवायची विनंती विद्यापीठामार्फत करता येते, पण ती सबमिशनच्या वेळी लेखी द्यायची, अपलोड झाल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

डिग्री झाली की "आपला प्रबंध पुस्तकरूपात छापू" असे ईमेल यायला लागतात. कागदावर हक्क "कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत" देतोय असं असेल तर सही करू नका. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं, तेवढं पुष्कळ झालं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, मिळाला म्हणजे कॉपीराइट नोंदला असंही नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी.

कलाकारांसाठी: तुमचं काम न विचारता दिसलं तर

कॉपीराइटसाठी नोंदणी लागतच नाही, चित्र काढलं, पद रचलं त्या क्षणी हक्क तयार. पण पुरावा म्हणून नोंदवायचं असेल तर कॉपीराइट ऑफिसच्या वेबसाइटवर फॉर्म १४ भरायचा, एका साहित्यकृतीला किंवा चित्राला फी ५०० रुपये, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं.

थिसिसमध्ये तुमचं पद किंवा चित्र न विचारता, नावाशिवाय सापडलं तर आधी त्या पोराला फोन करा, बहुतेक वेळा नाव घालून किंवा माफी मागून मिटतं. नाहीच ऐकलं तर विद्यापीठाच्या ग्रंथपालांना आणि इन्फ्लिबनेटला लेखी तक्रार द्या. त्यात तुमचं नाव, तुमच्या कामाचं वर्णन, ते तुमचं असल्याचा पुरावा, थिसिसचं नाव, पान नंबर, लिंक, परवानगी दिलेली नाही हे वाक्य, आणि थिसिस टाकणाऱ्यावर दावा लावून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणू ही लेखी हमी, एवढं पाहिजे. अशी लेखी तक्रार आल्यावर मजकूर साठवून दाखवणाऱ्यानं २१ दिवस तो बंद ठेवायचा असं कलम ५२ मध्ये आहे, तेवढ्यात तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू होऊ शकतो. म्हणून तक्रार द्यायच्या आधी वकिलाशी बोलून ठेवा, आणि पैशाची अडचण असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायांना, एससी-एसटी समाजातल्यांना आणि ठराविक उत्पन्नाच्या आतल्यांना तिथं वकील फुकट मिळतो. जाताना त्या थिसिसच्या पानाची प्रिंट आणि स्वतःच्या कामाचा जुन्यात जुना पुरावा, मग ती वही असो, पत्रिका असो की मोबाइलमधला तारखेचा व्हिडिओ, सोबत न्या.